कुणीतरी उघडलंच असणार

हिंजवडीजवळच्या चांद्याला एका बिल्डरच्या हापिसात मी कामाला होते. माले गावातल्या आमच्या वस्तीवर समदी शेरडं-मेंढरं राखणारी, खुर्चीत बसून काम करणारी पयली मीच. आई, तुकाबाई, गावभर सांगत फिरायची, "आमची वैभवी कंपुटरवर हाय." ती नोकरी गेली. कशी गेली ते सांगते, आन् सांगताना राग आला तर येऊ द्या.

सोमवारी हापिसातले सगळे कंपुटर अडकले. नकाशे, करारनामे, समदं कुलूपबंद. मॅनेजर कैलासराव थेट माझ्याकडं बघायला लागला. कारण शनिवारी मी चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका फोनवरनं हापिसाच्या कंपुटरात घेऊन छापली होती. चुलत्यानं ती फोनवरच धाडलेली, आन् आमच्यात पत्रिका देवापुढं ठेवायला लागती. आता फोन काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

कंपुटरची देखभाल हिंजवडीचा एकनाथ करायचा. त्यानं दुपारभर खटपट केली, माझी पत्रिकाही तपासली. मग चहा पिताना हळूच म्हणाला, "तुझ्या पत्रिकेत काही नाही. हा व्हायरस नाही, वर्म आहे."

"फरक काय दोघांत?"

"व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून पडलेला असतो. कुणी ती फाइल उघडली तरच तो कामाला लागतो. वर्मला कुणाची गरज नाही. कंपुटरमध्ये फट राहिली, की नेटवर्कवरनं आपला आपण एकातून दुसऱ्यात शिरतो."

माझा जीव भांड्यात पडला. "मंग कैलासरावांना सांगा की तसं."

तो कप ठेवून उठला. फटी बुजवायचं काम त्याचंच. अपडेट त्यानं टाकायचे, आन् ते त्यानं टाकलेच नव्हते. वर्म म्हणलं की सगळं त्याच्यावर शेकणार.

कैलासरावाच्या केबिनमध्ये आमी दोघं गेल्यावर तो म्हणाला, "व्हायरस आहे साहेब. कुणीतरी फाइल उघडलीच असणार."

"आत्ता तर तुमी वर्म म्हणला," मी म्हणले.

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" कैलासराव म्हणाला. एकनाथ माझ्याकडं बघंना. एक शब्द खरा बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची? त्याच दिवशी मला घरी बसवलं.

"पत्रिका मीच छापून मागितली," म्हणून आई रडत बसली. मी उगाच तिच्यावरच खेकसले.

एकनाथनं सगळ्या कंपुटरमधलं समदं पुसून ते नव्यानं चालू केले. पुढच्या आठवड्यात तिथल्या कल्पनाचा फोन आला, कंपुटर परत अडकले. माझी खुर्ची रिकामी, कुणी काय उघडलेलं न्हाई. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. आता तरी ह्यांना कळंल.

संध्याकाळी कैलासरावाचा फोन आला. मी आईला खुणावलं, परत बोलावत्यात. ती हात पुसत जवळ येऊन बसली. तिलाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"वैभवी," तो म्हणाला, "खरं सांग. जाताना तू काय करून गेलीस?"