मालनच्या हातचा कट वडा

मालनने पाकीट कात्रीने फाडलं आणि गोठलेले वडे मशीनमध्ये ओतले. बटण दाबलं, आत दिवा लागला. कढई नाही, तेल नाही, चुरचुर नाही. पाकिटावर ‘अस्सल कोल्हापुरी’ असं ठळक छापलेलं, आणि वडा आलेला कुठल्या तरी परगावच्या कारखान्यातून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

स्टेडियममधल्या याच गाळ्यात ती आणि तिचे मालक हंबीरराव वर्षानुवर्षं कट वडा विकत आले होते. भाद्रपदात हंबीरराव गेले. दिवाळीनंतर स्टेडियमवर व्यावसायिक फुटबॉलची लीग आली आणि खाण्यापिण्याचा सगळा ठेका बाहेरच्या एका कंपनीला मिळाला. क्लबचा मॅनेजर विश्वजित तिच्या गडमुडशिंगीच्या घरी येऊन सांगून गेला.

“काकी, लोक तुमाला वळखत्यात. कंपनीच्या काउंटरला तुमीच उभ्या ऱ्हावा. आन् पयल्या सामन्याला लोकांनी वड्याला नावं ठेवली, तर वडा परत तुमचाच. करारात तशी सोय घातलीया मी.”

“बरं,” मालन म्हणाली. दुखवट्याला आलेल्या बायकांनाही ती बरंच म्हणत होती. तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच कधीकधी भीती वाटायची. हवीशी वाटणारी एकच गोष्ट उरली होती, आपला गाळा आणि आपली कढई.

ती परत मिळणं अवघडही नव्हतं. कोल्हापूरचा माणूस लग्नाच्या पंगतीत मीठ कमी पडलं तर नवरीच्या बापाला हाक मारून सांगतो. त्यात बाळासो म्हणजे पेठेतल्या तालमीचे म्होरके. एकदा कट पातळ झाला म्हणून त्यांनी अख्खं मध्यंतर हंबीररावांशी भांडण्यात घालवलं होतं, आणि सामना सुरू झाल्यावरही जाईनात.

आज पहिल्या सामन्याच्या मध्यंतराची शिट्टी झाली आणि गर्दी काउंटरवर कोसळली. मालन डिश भरत राहिली. पहिल्या घासाला माणसं थबकत, तिच्याकडे बघत, मग मान खाली घालून मुकाट्याने खात. कुणी चकार शब्द काढेना. शेजारी विश्वजित आणि कंपनीचा साहेब हाताची घडी घालून उभे होते.

मग बाळासो आले. त्यांनी वडा मोडला, कटात बुडवला, तोंडात टाकला. जबडा क्षणभर थांबला. मालनचा हात पळीवरच राहिला.

“एक नंबर,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आजून दोन द्या, वैनी.”

साहेब हसला. “झालं तर मग. वर्षभर हाच वडा.”

विश्वजितने मालनकडे पाहिलं, मग मान हलवली. दोघं पायऱ्यांकडे चालू लागले.

बाळासो काउंटरवर ओणवे झाले. आवाज पार खाली आला.

“वैनी, मनाला लावून घिऊ नका. मालक गेल्यावर हाताची चव जातीच की. आण्णा गेले तवा आमची आईबी वरीसभर आळणीच रांधायची. पोरं मगाशी कुरकुरत आलती माझ्याकडं. म्या दम दिला. म्हटलं, वैनींनी रांधलेल्या वड्याला आज कुणी नाव ठिवायचं न्हाय.”

मालनने पायऱ्यांकडे पाहिलं. विश्वजित अजून हाकेच्या अंतरावर होता. ह्यो वडा माझा न्हवं, एवढंच म्हणायचं होतं. भाद्रपदापासून पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं, आणि तिने हाक मारायला तोंड उघडलं.

समोर बाळासो दुसरा वडा खात होते. त्यांना तो गिळवत नव्हता. कपाळावर घाम आला होता, तरी प्रत्येक घासाला ते तिच्याकडे बघून मान डोलावत होते.

“मीठ जरा कमी पडलंया,” ती म्हणाली. “पुढच्या टायमाला बघतो.”

“सावकाश बघा की. आमी कुटं जातोय?”

आणि त्यांनी तिसरा वडा मोडला.