बदली खेळाडू

किशनरावांनी फक्त एवढंच विचारलं, की या पोरानं आजवर गोल केले ते कुठं केले?

संतरामला उत्तर ठाऊक होतं, आणि ते उत्तर लंगडं आहे हेही ठाऊक होतं. साखऱ्याच्या जत्रेत, आश्रमशाळेच्या पटांगणावर, मूग निघालेल्या मोकळ्या रानात. अनवाणी पोरांच्या टीमविरुद्ध, स्वतःही अनवाणी. नव्वद मिनिटांचा पुरा सामना सेवा राठोड एकदाही खेळलेला नव्हता.

रविवारची दुपार होती. फुटबॉल क्लब चालवणाऱ्या किशनरावांच्या कापडाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आणि आत क्लबची कमिटी बसलेली. हिंगोली जिल्हा होऊन सहा महिनेही झाले नव्हते. इतकी वर्षं परभणीच्या नावाखाली खेळलेल्या क्लबला जानेवारीत नांदेडच्या स्पर्धेत पहिल्यांदा स्वतःच्या जिल्ह्याच्या नावानं उतरायचं होतं. आणि सेंटर फॉरवर्ड नव्हता. म्हणजे होता, संतराम होता. बारा वर्षं तोच होता. पण त्याला चौतिसावं लागलं होतं, आणि जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून बैलांचे पाय धरता धरता त्याचा स्वतःचा उजवा गुडघा गेला होता. अजून एक वर्ष तुम्हीच खेळा, असं दोघांनी सुचवलं. परभणीच्या एका टीममधला चांगला चाललेला फॉरवर्ड यायला तयार आहे, असंही कुणी म्हणालं. संतरामनं दोन्हींना नकार दिला, त्याला सेवाच हवा होता.

"बाजारात बैल घेताना आपण नुसते दात पाहत न्हाई," किशनराव म्हणाले. "औताला जुंपून पाहतो."

जुंपून दाखवलेले बैल पंधरा दिवसांत बसलेले मी रोज पाहतो, असं संतरामनं सांगितलं. आपल्यापैकी प्रत्येक जण एकदा तरी कोराच होता, कुणीतरी पहिल्यांदा उतरवलं म्हणून खेळाडू झालो, असंही सांगितलं. लस द्यायला साखऱ्याकडे गेलेला असताना त्यानं सेवाला पळताना पाहिलं होतं. बॉल पायात असताना माणूस थोडा तरी हळू होतो. हा होत नव्हता. ते पाहताच आपली जागा आता याची आहे, हे संतरामला कळलं होतं. हे मात्र त्यानं कमिटीला सांगितलं नाही.

"घेऊ मग," किशनराव शेवटी म्हणाले. "फसलं तर फसलं. आपलं काय, एक साल जाईल."

दुसऱ्या दिवशी संतराम मोटारसायकलवर साखऱ्याजवळ सेवाच्या तांड्यात गेला. तांड्यात निघायची तयारी चालली होती. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा. तोडीला माणूस एकटा जात नाही, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या. बहुतेक कोयते नवराबायकोचे. सेवाचं लग्न झालं नव्हतं आणि बाप वारला होता, म्हणून त्याचा आणि त्याच्या मायचा, भिकाबाईचा, मिळून एक कोयता होता. मुकादमाला तसा शब्दही दिलेला होता.

संतरामनं सगळं सांगितल्यावर सेवा हसला. हिंगोलीत राहायचं कुठं, एवढंच त्यानं विचारलं.

"माझ्या घरी," संतराम म्हणाला. "पण तू थांबलास तर मायच्या जोडीला कोण?"

"पाहू की. जाईल कोनीतरी."

संतरामला तेवढं उत्तर पुरलं. त्याला आनंद झाला होता, आणि आनंद झालेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

नोव्हेंबरपासून सेवा त्याच्या क्वार्टरमध्ये राहिला. संतरामची बायको मालनबाई त्याला पोटच्या लेकरासारखं वाढायची. रोज सकाळी साडेपाचला दोघं मैदानावर. अडचण निघाली ती बुटांची. स्पर्धेत बूट लागतात आणि सेवानं ते कधी घातले नव्हते. अनवाणी पायाला बॉल कुठं लागतो हे त्याला न पाहता कळायचं. बूट घातले की त्याला पाहावं लागायचं. तेवढ्या पाहण्यात अर्धं पाऊल जायचं. डिसेंबरच्या अखेरीस त्याचा पाय सरावतो आहे असं संतरामला वाटू लागलं. कदाचित ते त्याला वाटून घ्यायचं होतं.

नांदेडला पहिला सामना क्लबनं एक-शून्यनं काढला, पण गोल एका बॅकनं कॉर्नरवर डोक्यानं मारला. सेवाचे दोन नेम चुकले. दुसरा सामना औरंगाबादच्या टीमशी होता. मध्यंतरानंतर त्यांनी एक गोल चढवला. शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा बॉल सेवाकडे आला आणि तो सुटला. एक बॅक मागे पडला, मग दुसरा. गोलकीपर पुढे धावत आला, त्यालाही सेवानं डावीकडून काढलं. समोर पुरा गोल मोकळा होता. बाकावरचा संतराम उभा राहिला. सेवानं खाली पाहिलं, पायाकडे, आणि मारला. बॉल बारवरून पुरुषभर उंच गेला, मागच्या लिंबाच्या झाडात.

किशनरावांनी हात वर करून त्याला बाहेर बोलावलं आणि दुसरा उतरवला. सामना एक-शून्यनं गेला.

बसस्टँडवर सेवानं बूट संतरामच्या हातात दिले. क्लबचे आहेत, म्हणाला. हिंगोलीची गाडी लागली तरी तो चढेना.

"कुठं चाललास?"

"मायकडं. तोडीला."

"आता? अर्धा हंगाम झाला की रं."

"व्हय. म्हनूनच," सेवा म्हणाला, आणि सोलापूरच्या गाडीकडे गेला.

कमिटीची पुढची बैठक फार लांबली नाही. झालं ते झालं, असं सगळे समजुतीनं बोलले. किशनरावांनी संतरामला एका शब्दानं टोचलं नाही. परभणीच्या त्या फॉरवर्डला पुढच्या वर्षासाठी निरोप गेला.

मार्चमध्ये संतरामला पुन्हा साखऱ्याची फेरी लागली. तांडा निम्मा रिकामाच होता. शेळ्या धरायला एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी पुढे आली. ती शेळीचे कान मुठीत पकडून तिला गुडघ्यांत दाबायची, लस टोचून झाली की सोडायची. तिच्या बोटांवर उसाच्या पात्यानं चिरल्याच्या काळ्या रेघा होत्या. सात-आठ शेळ्या झाल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, की मी दिपा, सेवाची बहीण.

तोडीवरून कधी आलीस, असं संतरामनं सहज विचारलं.

"दादा आला अन् त्यानं माझ्या हातून कोयता घेतला. मग मी आले."

संतराम सिरिंज भरत होता. मायच्या जोडीला कोण गेलं होतं, ते त्याला आता कळत होतं. शाळेचं काय केलंस, असं त्यानं विचारलं.

"दहावी होती. फॉर्म भरायच्या टायमाला मी फडात," ती म्हणाली. "आज गनिताचा पेपर हाय. पोरी सेनगावला गेल्यात."

"तुला कुणी पाठवलं तिकडं?"

"कोनी न्हाई. मीच म्हनले दादाला, तू खेळ."

बाहेरून परीक्षेला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म मी आणून देतो, असं संतराम घाईघाईनं सांगू लागला. दिपानं ऐकून घेतलं. आणा, म्हणाली. पण दादाचं यंदा लग्न ठरून राहिलं, दादाचा अन् वहिनीचा कोयता झाला की मायच्या जोडीला मलाच जावं लागंल. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उद्या वारा सुटेल म्हणावं तसं ती म्हणाली.

मग तिनं शेळी सोडली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"दादा खेळला कसा? त्यो काहीच सांगत न्हाई. हरलो, एवढंच म्हनतो."

संतराम दगडावर बसला. त्यानं सगळं सांगितलं. औरंगाबादची टीम, पहिला बॅक, दुसरा बॅक, पुढे आलेला गोलकीपर, डावीकडून काढणं. बारा वर्षांत मी असा पळणारा माणूस पाहिला नाही, हेही सांगितलं. ते खरं होतं. दिपा हातातलं दावं न हलवता ऐकत होती.

"मग?"

"समोर कुणी नव्हतं. त्यानं मारला. वरून गेला."

"किती वरून?"

संतरामनं हात वर केला. अंगठा आणि करंगळी ताणून त्यानं तिला एक वीत दाखवली.

दिपा त्या वितीकडे पाहत राहिली. एवढंच का, असं ती हळूच म्हणाली, कुणाला विचारल्यासारखं नाही. मग वळून तिनं पुढच्या शेळीचे कान धरले, तिला गुडघ्यांत घट्ट दाबलं आणि सुईची वाट पाहत उभी राहिली.