बेट्सीच्या कार्डावरच्या दोन ओळी

छापखान्याच्या मालकांनी कागद टॅबिथाबाईंपुढे परत सरकवला. "बाई, हे बाईमाणसाच्या कार्डावर शोभतं का?"

"बेट्सी शॉक्रॉस अशीच होती, मालक."

"असेल. मेल्यावर तरी तिला जरा गोड होऊ द्या."

इंग्लंडातल्या आमच्या बर्नली गावात माणूस गेलं की काळ्या काठाची कार्डं छापून वाटतात, आणि त्यांवर कविता लागतेच. छापखान्यात त्या कवितांचे दोन खण होते. पुरुषांच्या खणात कष्ट, हिंमत, वादळं. बायकांच्या खणात फुलं आणि झोप. अठरा वर्षं दोन्ही खण टॅबिथाबाईच भरत होत्या. खाली नाव कधीच नाही. मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारा; नाव माझंही नसायचं; पण मला त्याचं काही नव्हतं. त्यांना होतं.

गिरणीत माग चालवणाऱ्या बेट्सीसाठी मात्र त्यांनी नवं लिहिलं होतं:

दोन मागांमध्ये उभी, चाळीस वर्षं ताठ,
मुकादमाला सुनावलं, फिरवली नाही पाठ.

मालकांनी ते खोडून खणातलं दिलं: 'शांत, सोशिक, गोड माउली, देवाच्या कुशीत विसावली.' मी निमूटपणे जुळवलं. लाज वाटली, पण जुळवलं.

शनिवारी दुपारी बेट्सीची लेक नॅन गिरणीतून तशीच आली, केसांत कापूस घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. "वाचा की बाई, काय लिहिलंत आईवर?"

टॅबिथाबाईंनी कार्ड हातात धरलं आणि त्यावर नसलेल्या ओळी म्हणून दाखवल्या.

नॅन हसली, मग तिने एप्रनने डोळे पुसले. "म्हातारी हुबेहूब उभी केलीत. उद्या चॅपेलात पाद्रीबाबांकडून सगळ्यांपुढे वाचून घेते."

बाईंचा चेहरा उतरला. "थांब, नॅन. मी तुला फसवलं. इथे दुसरंच छापलंय. शांत, सोशिक."

"कोण, आमची आई?"

मालक दारात येऊन उभे राहिले. "छापून झालंय, बाई."

"मागची बाजू कोरी आहे, मालक."

"त्या बाजूला हात लावलात तर सोमवारी येऊ नका."

बाईंनी दौत जवळ ओढली. चाळीस कार्डांच्या पाठीवर त्या ओळी लिहिल्या आणि प्रत्येक कार्डावर खाली पूर्ण नाव: टॅबिथा एंटविसल. मी शेजारी उभा राहून शाई टिपत गेलो.

रविवारी पाद्रीबाबांनी पाठीवरच्या ओळी वाचल्या आणि कार्ड खाली ठेवलं.

नॅन बाकावरून उठली. "खाली नाव आहे, बाबा. तेही वाचा."

त्यांनी वाचलं. शेवटच्या बाकावर, उद्यापासून काम नसलेल्या टॅबिथाबाई मान ताठ ठेवून ऐकत होत्या.