ज्वारीवर ताणलेला पियानो

मित्रांनो, कळंबच्या या ज्वारीवर मेढींना बांधलेली, उन्हात चमकणारी काळी फीत म्हणजे मी. एके काळी मी जाझची कॅसेट होते. माझ्यातला पियानो सरळ कधी चालतच नसे. एक सूर आला की दुसरा भलतीकडूनच यायचा, मध्येच सगळं गप्प. मला ऐकून परदेशात कित्येकांची वाजवण्याची तऱ्हा बदलली म्हणे. कळंबमध्ये माझा प्रभाव पहिल्यांदा पडला तो चिमण्यांवर.

१९९४ साली वालचंदनगरची क्वार्टर सोडताना एका इंजिनियरसाहेबांनी मला कारखान्यातल्या सोमनाथला दिलं. पहिल्या दिवशी त्याने टेपलाच चापट्या मारल्या. पुढे मात्र पाळीवरून आला, की हातपाय न धुता तो मला लावू लागला. दिवसभर यंत्राच्या एकाच ठेक्यात उभ्या असलेल्या माणसाला माझी अडखळती चाल मोकळी वाटायची. माझ्यासारखी दुसरी कॅसेट बारामतीतही मिळाली नाही.

त्याची आई ताईबाई वैतागायची. "सोमा, पेटीवर मांजर सोडलंय का कुणी?"

"आसंच आसतंय ते, आई."

"लेकरू रडतंय तरी लयीत!"

ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांत चीक भरला आणि पाखरं तुटून पडली. ताणलेली फीत वाऱ्यावर घोंघावते, पाखरं बिचकतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. घरात कॅसेटी दोनच: भीमगीतांची आणि मी. तरी ताईबाईने खात्री करायला मला टेप दुरुस्त करणाऱ्या गेणबाकडे नेलं. त्याने मला वाजवलं, कान लावला. "मावशी, ही गेलीया. खुशाल फीत वडा."

संध्याकाळी सोमनाथ माझी रिकामी डबी घेऊन बांधावर आला.

"येकच व्हती गं ती."

"बिघडल्याली व्हती. गेणबाबी म्हनला."

तेवढ्यात वारा पडला, मी गप्प झाले आणि थवा उतरला. ताईबाईने पत्र्याचा डबा उचलला. ठण. ठणठण. मग काहीच नाही. पाखरं टेकणार, तोच पुन्हा, ठण!

सोमनाथ मटकन खाली बसला.

"बसलास काय? दगूड मार की!"

"ऐकतुया. थांबू नगंस."

वारा सुटल्यावर मीही जीव तोडून घोंघावले. त्याचा कान डब्याकडेच होता.

मित्रांनो, एखादं गाणं कळलं नाही, तर ते बिघडलंच असं ठरवू नका. फीत ओढण्याआधी घरात एकदा विचारा. विचारायचं राहून गेलंच, तर निदान घट्ट बांधा. ढिल्या फितीला चिमणीसुद्धा भीत नाही.