बिनकागदाचा ताप

मंगळवारी दुपारी रवींद्र शिळफाट्यापलीकडे मानपाड्याच्या कंपनीत बॉयलरपाशी होता, तेव्हा ठाण्याच्या हॉस्पिटलमधून फोन आला. “मॅडमना चक्कर आलीय, तुम्ही या,” एवढंच सिस्टर म्हणाली. शिळफाट्यावरून मोटारसायकल हाणत तो पोहोचला, तोवर त्याची बायको, डॉक्टर विनिता, गेलेली होती. ज्या आयसीयूत सकाळी तिने राउंड घेतलेला, तिथल्याच एका बेडवर.

डेंग्यू होता. तेही ती कोसळल्यावर रक्त तपासलं तेव्हा कळलं. ताप मात्र पाच दिवस होता. पहिल्याच दिवशी रवींद्र म्हणालेला, “घरी रहा ना.”

“अरे, सुट्टी घेतली की बदली माणूस मीच शोधायचा. तू येतोस का? स्टेथोस्कोप देते.”

“आमच्याकडे ताप असला की गेटवरूनच परत पाठवतात.”

“तुमचा बॉयलर फुटेल म्हणून. मी काय फुटणारेय?”

तो हसला. डॉक्टर बाईला आपण काय शिकवायचं, असं त्याला वाटलं. चौथ्या दिवशी तिच्याने चालवेना, तर त्यानेच तिला गाडीवरून हॉस्पिटलच्या दारात सोडलं.

तेरावं झाल्यावर हॉस्पिटलचे कागद हातात आले. लिहिलं होतं: ताप, एक दिवसापासून. तिथला मॅनेजर तोंडावर म्हणाला, “मॅडमनी कळवलंच नाही हो. रजा नसती का दिली आम्ही?” लिफ्टशेजारी हार घातलेला तिचा फोटो, खाली ‘कर्तव्यनिष्ठ’.

रवींद्रने तिच्याच पाळीतल्या डॉक्टर राजरत्नला चहाच्या टपरीवर गाठलं.

“सलाइन तूच लावत होतास ना तिला?”

“तीन दिवस लावलं, दादा. ड्युटी रूममध्ये. अर्धी बाटली गेली की सुई तशीच ठेवून, वर अ‍ॅप्रनची बाही ओढून ती वॉर्डात.”

“मग कागदावर कुठेच कसं नाही?”

“स्टाफचा केसपेपर कोणी काढत नाही. आपल्याच माणसाला खिडकीवर रांगेत उभं करायचं का? पद्धतच आहे तशी. ती म्हणाली, साधा फ्लू आहे. रक्त बुधवारी तपासणार होतो.”

“मला एवढंच लिहून दे. पाच दिवस ताप होता, ती कामावर होती, सगळ्यांना दिसत होतं.”

राजरत्न काही बोलणार तोच त्याला खोकला आला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो खोकत राहिला. “दादा, पहिला प्रश्न मलाच येईल. कागदाशिवाय उपचार केलेच कसे? माझं रजिस्ट्रेशन जाईल.”

“तुलाही ताप दिसतोय.”

“थोडासाच. तिच्या जागी अजून कोणाला घेतलं नाही, डबल ड्युटी चाललीय.”

रवींद्रला त्याची कीव आली नाही. उद्या हा मेला, तर याचाही ताप एकाच दिवसाचा लिहितील, एवढंच मनात आलं. चहा टाकून तो उठला.

मेडिकल कौन्सिलला द्यायचा तक्रारअर्ज त्याने स्वतःच लिहिला. ‘ताप असताना तिला कामावर मीच सोडलं,’ हेही त्यात घातलं. साक्षीसाठी दोन सिस्टरना आणि एका वॉर्डबॉयला विचारलं. तिघंही रडले, सही कोणी केली नाही.

साक्षीच्या सहीवाचून अर्ज अजून दिलेला नाही.