सुई न लागलेली रेकॉर्ड

माझा मामा एव्हारिस्तो टायरच्या दुकानात काम करतो आणि घरातल्या एकुलत्या एका थंड खोलीत जुन्या रेकॉर्ड्स ठेवतो. आमच्या रॉब्सटाउन गावी ऑगस्टमध्ये कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलतात, पण एसी फक्त रेकॉर्ड्सना. मामी पंख्याखाली झोपते. एकदा तिला ताप चढला, तेव्हा मामाने तिला तासभर त्या खोलीत बसू दिलं. कशालाही हात लावायचा नाही, या अटीवर.

खोलीत सगळं आमच्याच भागातलं. अकॉर्डियन, आणि त्याच्या जोडीला बारा तारांचा, गिटारसारखा बाहो सेक्स्तो. वाजवणारे आमच्या काउंटीबाहेर कुणाला माहीत नव्हते आणि काउंटीत लोक त्यांना गवंडी किंवा न्हावी म्हणून ओळखायचे. मामाचा या लोकांवर फार जीव. ते आजारी पडले की हा गोड पाव घेऊन जातो, गेले की शवपेटीला खांदा देतो. गेल्या वर्षी इतक्या खांद्यांचा योग आला की अंत्यविधीवाल्याने नाताळात त्याला कॅलेंडर भेट दिलं.

त्याचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे बारिएन्तेस बंधूंची रेकॉर्ड. क्लेओफास अकॉर्डियनवर, धाकटा हिल्बेर्तो बाहो सेक्स्तोवर. आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, एकसष्ट साली. पुढच्याच आठवड्यात नाचाच्या कार्यक्रमाहून परतताना हिल्बेर्तोची गाडी मालगाडीखाली सापडली. उरलेल्या प्रती सत्तरच्या वादळात क्लेओफासच्या छपरासकट उडाल्या आणि कपाशीच्या शेतांत पडल्या. मामाला एक मिळाली, रविवारच्या जुन्या बाजारात, सशाच्या पिंजऱ्याखाली. कोरी करकरीत. तिला कधी सुई लागलेली नव्हती. म्हणून मामानेही लावली नाही.

"मग ऐकणार कधी?" मी एकदा विचारलं.

"वाजवली की झिजली."

"पण ऐकल्याशिवाय कळणार कसं, चांगली आहे का?"

"ती आहे ना? पुरे."

क्लेओफास आता म्हाताऱ्यांच्या आश्रमात होता. मूत्रपिंडं थकली होती आणि डायलिसिस त्याने स्वतःच बंद करवलं होतं. मामा दर बुधवारी जायचा. म्हातारा रेकॉर्डवरच्या पोल्काची, त्या नाचाच्या धूनची, चाल गुणगुणायचा आणि एका जागी थांबायचा.

"इथून पुढे हिल्बेर्तो तारांवरून खाली उतरायचा," तो म्हणाला. "तो उतार डोक्यात आहे, तोंडातून निघत नाही. मिहो, पोरा, तुझ्याकडे आहे म्हणतात. जायच्या आधी भावाला एकदा ऐकू दे."

मामाची झोप उडाली. जेवताना मामीने विचारलंच, "रेकॉर्ड झिजेल म्हणून म्हाताऱ्याला तसाच मरू देणार?"

"माणसं मरतातच, कोन्सेप्सिओन. ही एकच आहे."

"मीही एकच आहे. मला पंखा आहे."

रविवारी आम्ही निघालो. उन्हात रेकॉर्ड वाकू नये म्हणून ती बिअरच्या थंडपेटीत ठेवली होती. पेटी माझ्या मांडीवर, आणि मामा इतका हळू चालवत होता की एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं.

क्लेओफास दाढी करून बसला होता. अंगात बँडचा जुना निळा सदरा, त्यात आता आणखी एक क्लेओफास मावला असता. मामाने रेकॉर्ड प्लेअर खाटेजवळ मांडला. त्याने सुई ठेवली. थोडी खरखर झाली. मग बँजो वाजला, आणि बायकांचा एक घोळका इंग्रजीत गाऊ लागला की शेरीफपदासाठी बफर्ड टिलीलाच मत द्या, टिली, टिली, बफर्ड टिली.

मामाने रेकॉर्ड उलटली. मागच्या बाजूला त्याच बायका हेच स्पॅनिशमध्ये गात होत्या. स्पॅनिश वाईट होतं.

मामा लेबल बघत राहिला. लेबलवर नीट छापलं होतं, बारिएन्तेस बंधू. "कारखान्यात चुकीची लेबलं लागली," तो म्हणाला. "त्या दिवशी दोन्ही गठ्ठे शेजारी असणार."

"टिली," क्लेओफास म्हणाला. "पडला तो. मी मत दिलं होतं त्याला."

मामा गुडघ्यांवर बसला. "तुम्ही गुणगुणा. जेवढं येतं तेवढं. मी फोनवर टिपून घेतो."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. चादरीवर त्याची बोटं अकॉर्डियनची बटणं शोधू लागली. पहिले दोन सूर पोल्काचे निघाले. तिसरा टिलीचा होता. तो थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा टिली.

"थांब," तो म्हणाला. "हे डोक्यातून गेलं की ते येईल."

आम्ही थांबलो. नर्स जेवणाचं ताट ठेवून गेली, मग तसंच भरलेलं उचलून गेली. म्हातारा ओठ हलवायचा आणि मान हलवायचा. "माझ्याकडे होतं रे," तो एकदा म्हणाला. "सकाळपर्यंत होतं."

गुरुवारी तो गेला.

दफनाला आलेल्या बँडने विचारलं, त्याचा तो पोल्का कुणाला येतो का. कुणालाच येत नव्हता. मग त्यांनी वाद्यं पेट्यांतच ठेवली. मामाने शवपेटीला पुढून खांदा दिला, मी त्याच्या मागे. फाटकापासून खड्ड्यापर्यंत मामा काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना असेल, असं मला वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की आमची पावलं अगदी तालात पडतायत, आणि तो ताल मला ओळखीचा आहे. टिली, टिली, बफर्ड टिली.