अकराव्या थापेला

काल्टेकच्या शिखरावर क्रुसाच्या पायाशी एक पत्र्याची पेटी आहे आणि पेटीत वही. वर पोचेल त्याने तीत नाव लिहायचं. वही भरली की खालच्या गावातून नवी न्यायची, आणि गेली चाळीस वर्षं ती कॉर्बिनियानच नेत आला होता. यंदाचीही त्याच्याच पिशवीत होती. मात्र येत्या मार्चमध्ये त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि पुढच्या हिवाळ्याचं विचारल्यावर डॉक्टरने 'तेव्हाचं तेव्हा' म्हणून विषय बदलला होता.

म्हणून त्याची मुलगी बुर्गी सोबत आली होती. लोकांना डोंगरात नेण्याचा परवाना तिला मिळून तीन वर्षं झाली होती, पण बाप बरोबर असला की परवाना खिशात आणि तोंड बंद. सकाळपासून स्कीवर तो पुढे आणि ती मागे, असेच दोघे चढत होते.

झाडी संपली आणि शेवटचा उतार समोर आला. उन्हात तो इतका साळसूद दिसत होता की बुर्गीला त्याचा रागच आला. मंगळवारी बर्फ पडला होता आणि वाऱ्याने पलीकडचाही उचलून इथे आणून थापला होता. मघाशी पायाखाली बर्फ खचल्याचा एकदा धप्प असा दबका आवाज झाला, तो म्हाताऱ्याने ऐकलाच नाही असं दाखवलं होतं.

"मी खड्डा खणून थर तपासते," ती म्हणाली.

"कशाला? कालच्या पोरांचे माग दिसताहेत की वर गेलेले. आणि हा उतार मला चाळीस वर्षं ओळखतो."

"उतार ओळखत असेल, बाबा. हा बर्फ मंगळवारी आलाय. त्याची-तुमची ओळख कुणी करून दिली?"

"खण बाई, खण. मी तोवर खाऊन घेतो." तो फुरंगटून पिशवीवर बसला आणि सुकवलेल्या मांसाचे काप काढू लागला.

उताराच्या कडेला, जिथे चढ कमी होता, तिथे ती छातीएवढी खाली गेली. खालचा थर जाड्या साखरेसारखा होता; मुठीत धरला तर बोटांतून गळून गेला. तिने बर्फाचा एक खांब सुटा कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मोजू लागली. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून. थर जितक्या कमी थापांत सुटेल तितका हिमलोटाचा धोका जास्त. हे तिला चौदाव्या वर्षी बापानेच शिकवलं होतं. तेराव्या थापेला वरचा अख्खा थर सुटून तिच्या मांडीवर आला.

"जोरात मारलंस," वरून आवाज आला.

"मग तुम्ही मारा."

तो खड्ड्यात उतरला तसं तिने फावडं त्याच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. बापाला हे शेवटचं शिखर हवं होतं, आणि ते तिलाही त्याला द्यायचं होतं. थाप हलकी ठेवायला त्याला काय लागतं? विसाच्या पुढे आकडा सहज गेला असता आणि तिने तो खोडला नसता. मागे खांब कापल्याचा आवाज आला, मग थापा. एकसारख्या, सावकाश, शिकवताना मारायचा तशाच. मग काहीतरी घसरलं.

"अकरा," कॉर्बिनियान म्हणाला.

त्याने एकदा शिखराकडे पाहिलं. मग पिशवीतून नवी वही काढली, दातांनी हातमोजा ओढला आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं. तारीख, दोघांची नावं, आणि खाली: अकराव्या थापेला सुटला. इथूनच परत फिरलो.

"ही आता तुझ्याकडे," तो म्हणाला. "बर्फ बसला की वर ने. पहिलं पान फाडायचं नाही."

"पुढच्या वर्षी आपण दोघं नेऊ."

"बघू. गुडघ्याला विचारतो."

उतरायची तयारी झाली तेव्हा बुर्गी सवयीने बाजूला झाली, त्याला वाट द्यायला. तो हलला नाही.

"हो पुढे," तो म्हणाला. "मी अंतर ठेवून येतो. तू थांब म्हणालीस की थांबेन."